एकेरी लाइनीचा गोळा

चंद्रपूरचा माणूस लिहायला बसला की वाचक वाघाची वाट पाहतात. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझ्या लेखात वाघ नाही. कोळशाची खाणही नाही. एक टेलिफोनची तार आहे, तिच्या दोन टोकांना दोन कचेऱ्या आहेत आणि एका गावच्या तलावाचा नकाशा आहे. एवढ्या सामानावर माझी उमेदीची वर्षं गेली आणि मला त्यांचा गर्व आहे. गर्वाचं घर खाली म्हणतात ते ठीक आहे, पण माझं घर तसंही तळमजल्यावरच आहे.

मी मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. मग टीव्ही आले, टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आलो. दोन हजार सालाच्या आगेमागे एका संस्थेनं मला चंद्रपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायला ठेवलं. संस्थेचं काम होतं जुन्या तलावांच्या दुरुस्तीचे नकाशे करून देण्याचं. आमच्या झाडीपट्टीत धान पिकतो तो मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या वेळेपासूनच्या तलावांवर. मातीची लांब पाळ, पाळीमागे पाणी, आणि पाळीच्या पोटातून शेताकडे पाणी सोडायची जी वाट असते तिला तुडूम म्हणतात. तलाव कितीही भरलेला असो, तुमच्या बाजूला तुडूम नसेल तर तुमच्यासाठी तो फक्त पाहण्याचा. नकाशात तुडूम काढलं म्हणजे ते बांधलं जाणार, आणि काढलं नाही तर बांधलं जाणार नाही, इतकं ते साधं होतं.

चंद्रपूरला आमचे चार कॉम्प्युटर एकमेकांना वायरने जोडलेले होते. जंगलापलीकडे मुलचेरा गावातल्या आमच्या छोट्या ऑफिसात दोन होते. तिथे बिमल बसायचा. बिमल मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वस्तीतला. त्याचे आईवडील निर्वासित म्हणून आले, हा इथेच जन्मला, इथेच शिकला आणि झाडी बोली अशी बोलायचा की ऐकणाऱ्याला आडनाव विचारावं लागे. मोजणी तोच करायचा आणि नकाशाही तोच काढायचा. चंद्रपूरचे लोक त्या नकाशाची मापं तपासत, अंदाजपत्रक जोडत आणि पुढे मंजुरीला पाठवत. म्हणजे एकाच नकाशावर दोन ठिकाणी काम चाले.

या दोन ठिकाणांना जोडायचं काम माझं. आज पोरं मोबाइलवरून अख्खं लग्न पाठवतात, त्यांना हे सांगून खरं वाटत नाही. तेव्हा चंद्रपूरचा मोडेम मुलचेऱ्याच्या मोडेमला फोन लावायचा, दोघं आधी किंचाळायचे, मग मुकाट्यानं कामाला लागायचे. ती तार सागवानाच्या जंगलातून जायची. तिच्यावर फांद्या पडत, माकडं झोके घेत, आणि आमची फाईल मुंगीच्या पावलानं चालायची. एक नकाशा पलीकडे पोचेपर्यंत मी खाली जाऊन चहा पिऊन, टपरीवाल्याच्या सासूची तब्येत विचारून परत यायचो. मध्येच कुणी फोनचा रिसीव्हर उचलला की सगळं पहिल्यापासून. म्हणून मी रिसीव्हरला दोरी बांधून ठेवली होती. पाहुणे विचारायचे, फोन चावतो का?

अशा तारेवर मुलचेऱ्याची फाईल चंद्रपुरातून थेट उघडणं शक्यच नव्हतं. कॉम्प्युटर थिजून बसायचा. म्हणून मी दोन्हीकडे सारखी कपाटं केली, म्हणजे सारखी फोल्डरं. दिवसभर ज्यानं त्यानं आपल्या कपाटात काम करायचं, संध्याकाळी मोडेम जोडायचे आणि दोन्ही कपाटं सारखी करून टाकायची. ज्या फाईलची वेळ नवी, ती खरी धरायची. जुनीवर नवी बसायची. मी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम छान चालला आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली.

मग एके दिवशी सगुणाबाई आल्या.

सगुणाबाई म्हणजे मुलचेऱ्याकडच्या एका गावातल्या धानाच्या शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही. नवरा गेलेला, शेत तलावाच्या पार शेपटाला. त्या गावचा तलाव आमच्याकडे दुरुस्तीला होता. जुन्या तलावाला एकच तुडूम, तेही गावाकडच्या बाजूला. शेपटाकडच्या आठ-दहा घरांना पाणी मिळायचं ते वरच्यांच्या बांधावरून उरलं तर. बाईंनी बिमलला हाताला धरून अख्खी पाळ चालवली आणि दुसरं तुडूम कुठे पाहिजे ते दाखवलं. बिमलनं ते मोजलं आणि नकाशात काढलं. पुढे गावात नकाशा लावला गेला तेव्हा त्यात तुडूम एकच होतं. बाईंनी तडक एसटी पकडली.

आमच्या ऑफिसात कुणाशी बोलावं हे त्यांना कळेना. मी दाराजवळ बसायचो, म्हणून माझ्याशीच बोलल्या.

"भाऊ, माह्यं तुडूम कोनं खाल्लं?"

"कोणतं तुडूम, बाई?"

"त्या बंगाल्याच्या पोरानं काढलं होतं. मी डोऱ्यानं पाह्यलं. तुमच्या मशिनीत गेलं अन् तिथी कोनं तरी पुसलं."

मी हसलो. मशिनीत काही पुसलं जात नाही, असं मोठ्या विश्वासानं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मंग दाखव." मी फाईल उघडली. तुडूम एकच होतं.

मी बिमलला फोन लावला. तो एका दमात बोलला. "सलीमभाऊ, मी ते तीनदा काढलं. सकाळी येतो तं नाई. पुन्हा काढतो, पुन्हा नाई. मले वाटलं, सायेबच काटून राह्यले. शेपटाचे लोक लहान, त्याईचं तुडूम कायले पायजे. मी का बोलू?"

साहेब म्हणजे देशकर साहेब, आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसातले इंजिनियर, मूळचे नागपूरचे. त्यांना विचारलं तर ते माझ्यावरच खेकसले. त्यांच्या मते बिमल तुडुमाचं नुसतं तोंडी बोलायचा, काम करायचा नाही. "मी रोज पाहून राह्यलो. फाईलमध्ये काही नाही." म्हणजे दोन चांगली माणसं महिनाभर एकमेकांना चोर समजत होती आणि मधे माझा छान चालणारा प्रोग्राम बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी मुलचेऱ्याला गेलो. बिमलच्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. ते कित्येक वर्षं मागे होतं. कॉम्प्युटरच्या आत हातातल्या घड्याळासारखा एक सेल असतो. लाईट गेली तरी वेळ चालू राहावी म्हणून तो लागतो. बिमलचा सेल संपला होता. मुलचेऱ्यात लाईट रोज जायची आणि रोज सकाळी तो कॉम्प्युटर जुन्या जमान्यात जागा व्हायचा. बिमलनं आज काढलेलं तुडूम त्याच्या लेखी वर्षांपूर्वीचं. इकडे चंद्रपुरात कुणी त्याच नकाशावर गावाच्या नावाची अक्षरं मोठी केली की तो नवा. संध्याकाळी कपाटं सारखी होत, नवा बसे आणि तुडूम जाई. पाप कुणाचंच नव्हतं, पण बुडत होती सगुणाबाई.

सेल बदलला. पण मला झोप लागेना. घड्याळं बरोबर असली तरी दोघांनी एकाच दिवशी एकाच नकाशावर हात चालवला की एकाचं जाणारच. आणि याच्या आधी अशा किती रेघा गेल्या असतील, कोणत्या गावच्या, ते आता कोण सांगणार? ज्यांना एसटी पकडून यायला जमलं नाही, त्यांच्या रेघा कुठे गेल्या ते मला आजही माहीत नाही. ती टोचणी आहेच.

उत्तर घरात मिळालं. माझे अब्बा चांदा फोर्टच्या छोट्या लाइनीवर, म्हणजे नॅरोगेजवर, पॉइंटमन होते. घरी ते हिंदी बोलत, पण रेल्वेचं काही सांगायचं असलं की मराठीत येत, कारण त्यांचे सगळे सोबती मराठी. मी जेवताना माझं रडगाणं गायलो. अब्बांनी घास खाली ठेवला.

"तुमची लाइन एकेरी हाये ना?"

"हो."

"दोन्हीकडून गाड्या येतात?"

"येतात."

"अन् गोळा नाई? बिनागोळ्याची लाइन चालवून राह्यला तू? टक्कर नाई होईल तं काय होईल?"

छोटी लाइन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन स्टेशनांच्या मधे रूळ एकच असे. त्यावर एका वेळी एकच गाडी जावी म्हणून एक लोखंडी गोळा असे. तो चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवत आणि ड्रायव्हरच्या हातात देत. गोळा ज्याच्याकडे, लाइन त्याची. पुढच्या स्टेशनात गोळा जमा केल्याशिवाय दुसऱ्याला निघायची परवानगी नाही. अब्बांनी उभ्या आयुष्यात हेच केलं, धावत्या गाडीला कडं दिलं आणि धावत्या गाडीचं कडं घेतलं.

मी दोन दिवसांत प्रोग्राम बदलला. प्रत्येक तलावाच्या फोल्डरमध्ये एक चिमुकली फाईल ठेवली आणि तिचं नाव ठेवलं गोळा. ती ज्या ऑफिसात असेल त्यालाच त्या नकाशात लिहिता येईल. दुसऱ्यानं फक्त पाहायचं. लिहायचं असेल तर गोळा मागायचा, आणि गोळा नकाशासोबतच तारेवरून येणार. एवढी चिमुकली फाईल आमच्या मरतुकड्या तारेलाही जड नव्हती. पण फाईल डोळ्याला दिसत नाही, म्हणून अब्बांच्याकडचं जुनं वेताचं कडं मी ऑफिसात आणलं. गोळा आमच्याकडे असला की कडं कॉम्प्युटरवर, नसला की भिंतीच्या खुंटीवर. बिमलनं तिकडे एका बुरडाकडून बांबूच्या कामट्यांचं कडं विणून घेतलं आणि तसंच सुरू केलं.

सुरुवातीला ऑफिसनं माझी भरपूर टिंगल केली. कुणी संडासाच्या दाराला दोरीचं कडं लावलं. पण महिन्याभरात साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एकच विचारू लागले, "गोळा कोणाकडे आहे?" त्यानंतर आमची एक रेघ गेली नाही.

सगुणाबाईंचं तुडूम नकाशात परत बसलं. आता गोष्ट अशी की तो नकाशा मिरगाच्या आधी मंजुरीला जायला हवा होता. नाही गेला तर तो तलाव त्या वर्षीच्या यादीतून बाहेर, आणि पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं. शेवटचा दिवस उद्यावर आला तेव्हा गोळा बिमलकडे होता. शेपटाकडच्या जमिनीची उंची त्याला खटकत होती, म्हणून तो परत मोजायला गेला होता. येऊन दुरुस्ती करतो आणि संध्याकाळी पाठवतो, असं त्यानं कळवलं.

त्या दुपारी मुलचेऱ्याकडे वादळ झालं. आमच्याकडे एक रिवाज पडला होता, ढग गुरगुरले की फोनचा प्लग उपटायचा. आधी एक मोडेम विजेनं जळाला होता, तेव्हापासून मीच सगळ्यांना तंबी दिली होती. बिमलनं प्लग उपटला असणार. नंतर लावला असेल, पण तोवर झाडं तारेवर पडली होती. संध्याकाळी मी फोन लावत राहिलो. मोडेम एकटाच किंचाळायचा आणि गप्प व्हायचा.

देशकर साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सलीम, आपल्याकडे परवाची फाईल आहे ना?"

"आहे, सर."

"तिच्यात दोन्ही तुडूम आहेत?"

"आहेत."

"मग गोळा इथेच बनव, सही करतो, उद्या सकाळी नेऊन देऊ."

साहेबांचं बोलणं खोटं नव्हतं. गोळ्याची ती फाईल मी बसल्या जागी नवी बनवू शकत होतो. कुलूपही माझं आणि किल्लीही माझी. मी म्हणालो, "सर, गोळा मुलचेऱ्यात आहे. तिथे काम चालू आहे."

"ही काय रेल्वे आहे का? एका चिमुकल्या फाईलसाठी तलाव घालवशील. गेला तर त्या बाईला तूच सांग."

मला राग आला आणि भीतीही वाटली. सगुणाबाईंना मी काय तोंड दाखवणार होतो? एक तुडूम मशिनीनं खाल्लं, दुसरं माझ्या हट्टानं. उद्या दुपारपर्यंत थांबू द्या, एवढंच मागून मी घरी आलो. अब्बांना सांगितलं. म्हटलं, गोळा मोडू का?

अब्बा म्हणाले, "एकदा दोन टेशनांमधलं गोळा देणारं मशीन बिघडलं. गोळा पल्याड अडकला. माह्या टेशनात गाडी उभी, अन् तिच्यात अख्खी वरात. नवरदेवाच्या मामानं मले गंज शिव्या देल्ल्या. मी ऐकून घेतल्या. शिव्यानं कोनी मरत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तार मेलेलीच. साहेबांनी जुना नकाशा छापून टेबलावर ठेवला होता आणि ते घड्याळाकडे पाहत बसले होते. मी काम करत असल्याचं सोंग करत होतो. दुपार कलली. साहेब उठले, नकाशाची गुंडाळी केली आणि मला म्हणाले, "चल." मी उठलो. आता नाही म्हणायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

आम्ही जिन्यात होतो तेव्हा खालून बिमल आला. गुडघ्यापर्यंत चिखल. हातात जेवणाचा स्टीलचा डबा, आणि खांद्यात जानव्यासारखं अडकवलेलं ते बांबूचं कडं. रस्त्यावर झाडं पडली होती, म्हणून त्याची एसटी अर्ध्या वाटेतच थांबली होती. तिथून तो पायी, मग ट्रॅक्टरवर, मग दुसऱ्या एसटीनं आला होता. त्यानं डबा उघडला. आत पोळीच्या जागी फ्लॉपी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली.

मी विचारलं, "बिमल, कडं काऊन आणलं?"

कडं म्हणजे नुसती खूण होती. खरा गोळा फ्लॉपीत होता आणि ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मीच काही विसरलो आहे.

"भाऊ, गोळा देऊन राह्यलो तं कडं तिथी कसं ठेवू? उद्या कोनी पाहीन, म्हणीन लाइन आपलीच हाये."

साहेब जिन्यातच मागे वळले. आम्ही वर गेलो आणि नकाशा उघडला. बिमलचं खटकणं बरोबर होतं. शेपटाची जमीन वाटली होती त्याहून उंच निघाली होती. परवाच्या नकाशाप्रमाणे तुडूम बांधलं असतं तर पाणी पाळीतून बाहेर आलं असतं आणि सगुणाबाईंच्या शेताच्या अलीकडेच थबकलं असतं. बिमलनं त्याची जागा पाळीवर वर सरकवली होती आणि पाटाची वाट बदलली होती. साहेबांनी दोन्ही नकाशे शेजारी ठेवून पाहिले. मग बिमलच्या खांद्यातलं कडं काढलं आणि स्वतःच्या हातानं आमच्या कॉम्प्युटरवर ठेवलं. म्हणाले, "घ्या, गोळा आला. छापा लवकर." मंजुरीची कचेरी बंद व्हायच्या आत आम्ही नकाशा देऊन आलो.

संस्थेत मी पुढेही बरीच वर्षं काढली. चांगल्या तारा आल्या, मग तारा गेल्या, आणि माझा प्रोग्राम कुणाला लागेनासा झाला. आता दोघं काय, दहा जण एकाच कागदावर एकाच वेळी लिहितात आणि टक्कर होत नाही म्हणे. होत नसेल. पण ते दहा जण एकमेकांना ओळखतात का, हे मी विचारत नाही. आम्हाला गोळा मागायला रोज फोन करावा लागे, आणि त्या निमित्तानं बिमलच्या पोरीला दात आला हेही कळे.

सगुणाबाईंच्या तलावाचं काम मंजुरीनंतरच्या उन्हाळ्यात झालं. पावसात तलाव भरला आणि धानाला पाणी द्यायची वेळ आली तेव्हा सगुणाबाईंनी आम्हा दोघांना निरोप धाडला. नवं तुडूम पहिल्यांदा उघडायचं होतं. पाळीवर शेपटाकडची सगळी घरं जमली होती. कुणी म्हणालं सलीमभाऊंनी उघडावं, कुणी म्हणालं बिमलनं. आम्ही एकमेकांना पुढे ढकलत होतो. बिमलनं ते बांबूचं कडं सोबत आणलं होतं, कशाला ते त्यालाच ठाऊक. बाईंनी ते पाहिलं. मुलचेऱ्याच्या ऑफिसात चकरा मारून त्यांना आमची भाषा कळायला लागली होती.

"गोळा कोनाकडे हाये?" त्यांनी विचारलं.

बिमलनं कडं काढून त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते डाव्या खांद्यात अडकवलं, पदर खोचला, पायऱ्या उतरल्या आणि तुडुमाचं तोंड उघडलं. पाणी पाटात आलं, वळणावर जरा थांबलं आणि त्यांच्या धानाच्या बांधीत शिरलं. मी डोळे पुसले. लपवायचं काय त्यात, बिमलनेही पुसले.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. ते तेव्हा फारसे बोलत नसत, ऐकायलाही कमी येई. त्यांनी एवढंच विचारलं, "कडं कुठी हाये मंग?"

"सगुणाबाईकडे. त्यांनी परत दिलंच नाही. घरात खुंटीला लावलंय."

अब्बांनी मान हलवली. "बराबर हाये," ते म्हणाले. "आता लाइन तिची."